जुन्या लूनाचं इंजिन घरी उभं करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गोठ्याच्या मागं नाहीतर परड्यात पोतं पांघरून उभी असलेली जुनी मोपेड अजूनही सापडते. कुणाच्या आजोबांनी तिच्यावर दुधाच्या किटल्या वाहिलेल्या असतात, शहापूर-वडगावच्या विणकरांनी साड्यांचे गठ्ठे नेलेले असतात. बहुतेक वेळा ती लूना असते. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवर बेतलेली ही गाडी कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये बाजारात आणली. काही घरांत तिरुपतीच्या मोपेड्स इंडियाची सुवेगा असते, काही घरांत १९८० नंतरची टीव्हीएस ५०. नावं वेगळी असली तरी आतला मामला साधारण सारखाच: सुमारे ५० सीसीचं, हवेवर थंड होणारं, एका पिस्टनचं टू-स्ट्रोक इंजिन आणि जोडीला सायकलसारखे पायडल.

ज्यांनी आजवर स्पार्क प्लगसुद्धा काढलेला नाही त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. गिअरबॉक्सची भानगड नसलेलं, एका हातानं उचलता येणारं हे इंजिन शिकायला फार चांगलं. पण एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पैसे आणि वेळ रंगावर, क्रोमवर नाही, तर दोन ऑइल सीलवर, म्हणजे इंजिनात बाहेरची हवा शिरू न देणाऱ्या दोन रबरी कड्यांवर घालायचे आहेत. हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मी पहिल्यांदा उभी केली ती वडिलांची लूना. टाकी रंगवली, हँडल क्रोम करून आणलं, नवा प्लग घातला, कार्बरेटर धुतला. गाडी चालू झाली तेव्हा घरातली सगळी अंगणात आली होती. तिसऱ्या रविवारी यमकनमर्डीहून परत येताना वंटमुरीच्या चढावर इंजिनाचा आवाज बारीक झाला, किणकिण वाजायला लागलं आणि मागचं चाक एकदम धरलं. घरी आणून उघडलं तर पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूनं उभ्या रेघा पडलेल्या, सिलिंडरच्या भिंतीला अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं. उद्यमबागेतल्या एका टर्नर अण्णांकडं तो पिस्टन आणि इंजिन घेऊन गेलो. त्यांनी पिस्टन हातात घेऊन बाजूला ठेवला आणि मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) बाजूच्या सीलवर बोट टेकवलं. रबर करवंटीसारखं कडक झालेलं. "इथनं हवा ओढतंय की हे," ते म्हणाले. "पेट्रोल कमी, हवा जास्त. तापणारच मग."

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, ही नुसती क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा दांडा) ठेवायची पेटी नसते. तो पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्बरेटरमधून हवा-पेट्रोल-ऑइल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये शिरतं. क्रँकची दोन टोकं केसमधून बाहेर येतात, एक मॅग्नेटकडं, एक क्लचकडं. त्या दोन्ही ठिकाणी हवा अडवायला एकेक सील असतं. ते फाटलं किंवा कडक झालं की तिथून कोरडी हवा आत येते. त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही आणि ऑइलही येत नाही, आणि या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलचंच. मग पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं सील चांगलं असेल अशी आशा धरू नका. वरून ते कितीही ठीक दिसू दे, बदला.

पान्याला हात लावायच्या आधी

गाडीचे कागद बघा. आपण सीमाभागातली माणसं, गाडी गडहिंग्लजहून नाहीतर कोल्हापूरहून आलेली असते आणि नंबर एमएच-०९ असतो. दुसऱ्या राज्याची गाडी इथं १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर मूळ आरटीओची ना-हरकत घेऊन केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) ला नवीन नोंदणी करावी लागते. नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोपेडला नोंदणी लागत नाही असं अजून बरेच जण सांगतात, ते खरं नाही. कायद्यात सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हीए' असा वेगळा विंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण त्या नंबरावर गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच. ज्याला ती चालवायची आहे त्यानं साधं नूतनीकरणच करावं असं माझं मत.

इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी जुळवून घ्या. तो नंबर पॉलिश पेपरनं घासू नका, पुसट झाला तर तपासणीत अडचण येते.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते १७ पर्यंतचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), चांगल्या पात्याचे दोन स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्निअर, मॅग्नेट ओढून काढायचा पुलर. यातला पुलर उसना मिळाला तर बघा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका. शिवाय एक जुना बीपी मोजायचा काट्याचा यंत्र-पट्टा हवा. त्याचं काम पुढं येईल.

भाग धुवायला डिझेल वापरा, पेट्रोल नको. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत जाते. एका खोलीत धुणं आणि पलीकडं देवघरात समई, एवढं पुरतं.

बाहेरची माती आणि जॅम झालेलं इंजिन

खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांच्या फिन्समध्ये, म्हणजे इंजिनाभोवतीच्या धातूच्या पात्यांमध्ये, तांबडी माती विटेसारखी बसलेली असते, गोकाक-चिकोडीकडच्या गाड्यांत काळी. फिन्सनी हवा घ्यायची असते, त्या बुजल्या की इंजिन तापतं. प्लग आणि कार्बरेटर जागेवर असतानाच ही माती बांबूच्या काडीनं आणि ब्रशनं काढून घ्या, म्हणजे भोकं उघडी झाल्यावर आत पडणार नाही.

प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. काढलेले नट-बोल्ट एकाच डब्यात टाकू नका. मी पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढतो आणि जो बोल्ट जिथला तिथंच टोचून ठेवतो. लांबी वेगळी असते, आणि लांब बोल्ट आखूड जागी आवळला तर अ‍ॅल्युमिनियमची केस आतून तडकते.

आता पायडल मारून बघा. इंजिन फिरत नसेल तर जोर लावू नका, गाडी उतारावर ढकलून तर अजिबात नको. इंजिन गाडीवरून उतरवून घ्या. लूनाचं सिलिंडर आडवं असतं, त्यामुळं गाडीवरच प्लगच्या भोकातून तेल ओतलं तर ते खालच्या एका बाजूला साचतं आणि पिस्टनच्या वरच्या कडेला पोचतच नाही. उतरवलेलं इंजिन डोकं वर करून बादलीत उभं करा, प्लग काढा आणि डिझेल व टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल निम्मं-निम्मं करून त्यात ओता. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, रोज थोडी भर घाला. मग मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून केसभर पुढं, केसभर मागं. हलला की लगेच पूर्ण फिरवायचा मोह होतो. थांबा, पुन्हा तेल घाला. गंजाचा चुरा पिस्टनभोवतीच्या रिंगांत अडकून भिंतीवर रेघा पडतात.

मॅग्नेट आणि नाडी

मॅग्नेटचा नट काढायचा म्हणजे क्रँक धरून ठेवायला हवी. फिन्समध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवून मॅग्नेट धरणारे मी पाहिलेत, फिनचा तुकडाच हातात येतो. त्यापेक्षा परकराची जाड सुती नाडी घ्या. पिस्टन वर येऊ लागला आणि सिलिंडरच्या बाजूची भोकं त्यानं झाकली की प्लगच्या भोकातून हातभर नाडी आत सोडा, टोक बाहेर ठेवा. आता क्रँक फिरवली की पिस्टन नाडीवर येऊन टेकतो, मऊपणे, आणि तिथंच थांबतो. नट सुटतो. भोकं उघडी असताना नाडी घातली तर ती त्यात शिरून कापली जाते, तेवढं जपा. नट कुठल्या बाजूला सुटतो हे बाहेर दिसणाऱ्या आट्यांचा तिरकेपणा बघून आधीच ठरवा.

मग पुलर. मॅग्नेटला हातोडा मारायचा नाही, कडेनं नाही, मधेही नाही. धक्क्यानं चुंबकाची ताकद जाते आणि क्रँकही वाकते. मॅग्नेट निघाल्यावर क्रँकच्या खाचेत अर्धचंद्रासारखी छोटी चावी दिसेल. ती काढून जपून ठेवा. कड झिजलेली असेल तर नवीन घ्या, कारण ती जराशी सरकली तरी टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जातं.

डोकं, सिलिंडर, पिस्टन

गॅरेजात याला हाफ काम म्हणतात, क्रँकपर्यंत गेलं की फुल. हेडचे नट फुलीच्या क्रमानं थोडे-थोडे ढिले करा. हेड चिकटलं असेल तर लाकडी ठोकळ्यानं हलकेच टकटक करा, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. सिलिंडर वर ओढताना ते निम्मं आलं की थांबा आणि खाली उघड्या पडणाऱ्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. गजन पिनची (पिस्टनमधल्या आडव्या पिनची) लॉकं काढताना ती उडतात आणि सरळ त्या तोंडात जातात. लॉकं प्रत्येक वेळी नवीनच घालायची, जुनी ताण गमावून बसलेली असतात.

पिस्टनवर बाण असतो, तो सायलेन्सरकडं. फोटो काढला नसेल तर आता काढा.

कार्बन काढायला बांबूची चपटी काडी सगळ्यात चांगली. सायलेन्सर आतून चोंदलेला असेल तर तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवता येतो, हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर. पण हे फक्त लोखंडी सायलेन्सरसाठी. हेड, पिस्टन, केस, कार्बरेटर यातलं काहीही कॉस्टिकमध्ये घालू नका. अ‍ॅल्युमिनियम त्यात विरघळतं आणि पेट घेणारा वायू सुटतो.

आता सिलिंडर उजेडात धरून आतून नख फिरवा. रेघेत नख अडलं तर बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठं करणं) लागणार. नख अडत नसेल तर एक रिंग सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजनं मोजा. या मापाच्या बोअरला नव्या रिंगेची फट ०.१५ ते ०.३० मिमी असते. ०.६ च्या पुढं गेली असेल तर रिंगा संपल्या. नवी रिंग घालूनही तेवढीच फट आली तर सिलिंडर संपलं.

बोअरिंगला जायच्या आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर सिलिंडर बिडाचं आहे, बोअर करता येतं. न चिकटणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून क्रोमचा कडक थर असू शकतो, त्याला बोअरिंग चालत नाही. या बाबतीत बेळगावात राहणाऱ्यांचं नशीब चांगलं. फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांवर उभं राहिलेलं हे गाव, उद्यमबागेत आणि मच्छेकडं अगदी बारीक मापात काम करणारी माणसं आहेत. पण त्यांच्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नका. मला अण्णांनी पहिल्या दिवशी परत पाठवलं होतं: "आधी पिस्टन आणा की, मग बोअर करू." ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन हातात असल्याशिवाय सिलिंडर कापणं म्हणजे अंगरखा शिवून मग माणूस शोधणं. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये ०.०४ ते ०.०५ मिमी जागा सोडायला सांगा. पिस्टनच्या डब्यावर आकडा छापलेला असेल तर तोच धरा.

आणि हे विसरू नका: बोअर झाल्यावर सिलिंडरच्या आतल्या सगळ्या भोकांच्या कडा धारदार होतात. त्या बारीक दगडानं किंचित मोडून गोल करून घ्यायच्या. नाहीतर रिंग त्या कडेत अडकते आणि पहिल्याच दिवशी तुटते. हे सांगावं लागतं, न सांगता सगळेच करत नाहीत. घरी आणल्यावर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत. लगेच पुसून ऑइल लावा, आपल्या पावसाळी हवेत बीड तासाभरात तांबूस होतं.

सील आणि बेअरिंग

सिलिंडर काढलेलं असतानाच कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) पकडा, क्रँक सगळ्यात वर आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. टक् असा जराही धक्का जाणवायला नको. बाजूला थोडं डोलणं चालतं. धक्का जाणवला तर क्रँक प्रेसवर उघडून पिन आणि बेअरिंग बदलावं लागेल, शिवाय दोन्ही टोकं डायल गेजवर सरळ करावी लागतील. हे काम घरी होत नाही, मशीन शॉपला द्या.

क्रँकच्या टोकांना हात लावून हलवा, मग फिरवून ऐका. खरखर असेल तर बेअरिंग गेलं. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, त्यात शेवटी 'सी-३' असेल तर नवीनही सी-३ च घ्या. ते जरा सैल बनवलेलं असतं, कारण इंजिन तापल्यावर आतली जागा कमी होते. दुकानात साधं पुढं करतात, बघून घ्या. सीलवरही तीन आकडे असतात, म्हणजे १७-२८-७ असे: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मूळ कंपनीचा भाग मिळाला नाही तरी मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात मिळतं. मिळालं तर व्हिटॉनचं घ्या, ते सहसा तपकिरी असतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, की ते आपल्याच उसाचंही असेल. पण साध्या जुन्या रबराला ते मानवत नाही.

काही इंजिनांत सील बाहेरून निघतं, काहींत केस दोन भागांत उघडावी लागते. उघडायची असेल तर सगळे स्क्रू निघाल्याची दोनदा खात्री करा, मग केस गरम करा. जोडाच्या फटीत पातं घालून उचकटलं की त्या पृष्ठभागावर ओरखडा पडतो आणि तिथून कायमची हवा जाते. नवीन बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी केस शेगडीवरच्या तव्यावर तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र व्हावा एवढी. थंड बेअरिंग गरम जागेत जवळजवळ आपोआप बसतं, हातोडा लागत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.

सीलची स्प्रिंग दिसणारी बाजू आत, क्रँककेसकडं. ओठाला ग्रीस लावा. क्रँकच्या टोकाला चावीची खाच आणि आटे असतात, त्यावरून सरकवताना सीलचा ओठ चिरतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. म्हणून दुधाच्या पिशवीची पट्टी कापून टोकाभोवती गुंडाळा, वर ग्रीस, आणि त्यावरून सील सरकवा. मग पट्टी ओढून घ्या. जुन्या सीलनं क्रँकवर खोबण पाडली असेल आणि त्यात नख अडत असेल तर नवं सील मूळ जागेपेक्षा एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकेल.

बीपीच्या यंत्रानं परीक्षा

नव्या पॅकिंगसह (जोडांमधल्या पातळ चकत्यांसह) सिलिंडर, पिस्टन, हेड बसवून झालं. रिंगांची तोंडं खाचेतल्या खुंटीवरच बसवली ना, ते बघा. हेडचे ६ मिमीचे नट फुलीच्या क्रमानं, १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त नाही. आता कार्बरेटर आणि सायलेन्सर लावायच्या आधी, मॅग्नेटही बाहेरच ठेवून, इंजिन हवाबंद आहे का ते पाहायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्या कामात हीच सगळ्यात मोलाची.

सायलेन्सरच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी बोल्टनं आवळा. कार्बरेटरच्या जागीही तसंच. एका जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा आणि त्या कवचात बीपीच्या यंत्राची रबरी नळी एम-सीलनं पक्की करा. हा प्लग हेडमध्ये आवळा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांत हवा पोचेल. आता फुगा दाबत काटा ३०० वर न्या. हा दाब जेमतेम ६ पीएसआय होतो, सीलला इजा न करणारा. सायकलच्या पंपानं जोरात हवा भरली तर सील जागेवरून निसटतं, म्हणून हेच यंत्र बरं.

काटा पाच-सहा मिनिटं जवळपास तिथंच राहिला तर इंजिन पास. उतरायला लागला तर ब्रशनं साबणाचं पाणी लावा: मॅग्नेटकडचं सील, क्लचकडचं सील, केसचा जोड, सिलिंडरखालचं पॅकिंग, हेड, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर तोही. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा सगळीकडं कोरडं होतं, फक्त सिलिंडरखाली एका कोपऱ्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. पॅकिंग दुमडलं होतं. तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उघडलं. ती गाडी अजून चालते.

करंट आणि टायमिंग

पॉइंटच्या (करंट तोडणाऱ्या छोट्या स्विचच्या) दोन टोकांवर काळा थर असतो, तो बारीक पॉलिश पेपरनं काढा आणि नंतर कोरा कागद मधून ओढून पूड पुसून घ्या. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मिमी. टायमिंगसाठी पतंगाच्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरा, हलका ताण ठेवा आणि मॅग्नेट फिरण्याच्या दिशेनं हळूहळू फिरवा. कागद ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी पॉइंट उघडला. तेव्हा मॅग्नेटवरची आणि केसवरची खूण समोरासमोर हवी. नसेल तर पॉइंटची प्लेट सरकवा.

चालू इंजिनात पॉइंटवर सारख्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेलाय. स्वस्त भाग आहे, जुना ठेवू नका. प्लगची फट ०.५ ते ०.६. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून पायडल मारा, ठिणगी सावलीत स्पष्ट निळी दिसली पाहिजे. हे करताना पेट्रोल दूर, आणि प्लगचं भोक फडक्यानं झाकलेलं.

कार्बरेटर आणि टाकी

इथं सांगण्यासारखं थोडं आहे. जुन्या पेट्रोलचा डिंक थिनरनं विरघळतो. जेटच्या (पेट्रोल मापून सोडणाऱ्या छोट्या भागाच्या) भोकात टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. टूथब्रशचा एक केस किंवा विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार पुरते. फ्लोट (कार्बरेटरमधला तरंगणारा डबा) कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलाय. पेट्रोलची नळी, कॉकमधलं बूच, वायसर सगळं नवीन.

टाकीत गंज असेल तर मूठभर छोटे नट आणि पांढरा व्हिनेगर घालून दोन दिवस ठेवा, अधूनमधून हलवा. ओतून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, लगेच थोडं टू-टी ऑइल फिरवा.

पहिला स्टार्ट आणि पहिले ५०० किलोमीटर

पेट्रोल आणि टू-टी ऑइल बाटलीत मिसळा, टाकीत नाही. पहिल्या दोन टाक्यांना लिटरला ४० मिली, पुढं गाडीच्या पुस्तकात असेल तेवढं. नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा धूर सहन करा.

गाडी अंगणात स्टँडवर, शेजारी वाळूची बादली आणि ओलं पोतं. चोक ओढा, पायडल मारा. चालू झाली की ॲक्सिलरेटरची अर्धी मूठसुद्धा ओढू नका. पाच मिनिटं चालवा, बंद करा, हात टेकवता येईल इतकं गार होऊ द्या. असं तीनदा. मग गार असताना हेडचे नट पुन्हा एकदा तपासा, पॅकिंग दबल्यामुळं ते थोडे ढिले झालेले असतात. मूठ सोडली तरी इंजिन जोरात फिरतच राहिलं तर कुठून तरी हवा ओढतंय. चोक ओढून किंवा पेट्रोल बंद करून थांबवा आणि पुन्हा बीपीच्या यंत्राकडं वळा. क्लचच्या बाजूला गिअर ऑइल असलेल्या इंजिनातून पांढरा धूर थांबतच नसेल तर त्या बाजूचं सील ऑइल ओढतंय. गिअर ऑइल आटल्याचं, ते काढून बाटलीत मोजलं की कळतं.

पहिले ५०० किलोमीटर एकट्यानं, मागं ओझं न घेता, सपाट रस्त्यानं. टिळकवाडी ते कॅम्प, वडगाव ते येळ्ळूर असे फेरे मारा. वंटमुरी, चोर्ला, आंबोली यातला एकही घाट नाही. सलग एकच वेग धरू नका, मूठ कमी-जास्त करत राहा आणि उतारावर मूठ पूर्ण सोडून लांबवर जाऊ नका. मूठ सोडली की पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होतं, आणि चाक मात्र पिस्टनला फिरवतच असतं.

शंभर किलोमीटरनंतर एखाद्या छोट्याशा चढावर इंजिन बंद करून जागेवरच प्लग काढा. टोकावरची चिनी माती भाजलेल्या सुपारीसारखी तपकिरी हवी. काळी आणि ओली असेल तर पेट्रोल जास्त, कार्बरेटरची सुई एक खाच खाली. पांढरी असेल तर तिथून पुढं गाडी चालवू नका, हातानं ढकलत आणा. पांढऱ्या प्लगवर मी एकदा चार किलोमीटर चालवली होती, तो पिस्टन अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी गाडी चार महिने उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून कार्बरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. टाकी रिकामी करा. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल घाला, दोनदा पायडल मारा आणि प्लग परत आवळा. सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा बसवा. महिन्यातून एकदा मॅग्नेट अर्धा फेरा फिरवून ठेवा, म्हणजे रिंगा एकाच जागी बसून राहणार नाहीत आणि सीलचा ओठ क्रँकला चिकटणार नाही.